सर्व्हरला खंडेनवमीची सुट्टी

"मॅडम, सर्व्हर उठेना. तीन लाल दिवे लागलेत."

फोनवर शैलजा होती. दसऱ्याचा दिवस, सकाळचे साडेदहा वाजलेले, आणि मी पुऱ्या तळत होते.

"एकूण डिस्क किती?"

"बारा."

"आणि लाल तीन? नीट मोजलेस?"

"तीनदा मोजले. तीनच आहेत."

मी गॅस बारीक केला. नवऱ्याला म्हटलं, उरलेल्या तुम्ही तळा, जळल्या तर जळक्या खाऊ. आणि सुटी डिस्क अन् हत्यारांची माझी जुनी पिशवी उचलून रिक्षा बोलवली.

तीन लाल दिव्यांनी मी एवढी का हलले, ते सांगते. बारा डिस्कचा असा सर्व्हर असतो ना, त्यात माहिती एका डिस्कवर ठेवत नाहीत. ती तुकडे करून बाराही डिस्कवर पसरतात, आणि थोडा हिशेब जास्तीचा लिहून ठेवतात. त्यामुळे बारातली एक मेली तरी काही बिघडत नाही. दुसरी मेली तरी उरलेल्या दहा मिळून सगळं परत जुळवून देतात. दोघींपर्यंत माफी आहे. तिसरी गेली की मात्र उरलेल्या नऊ ठणठणीत असल्या तरी त्यांच्यावर नुसता चोथा राहतो.

हे मला माहीत, कारण पंचवीस वर्षं मी दुसरं काही केलंच नाही. नवी मुंबईतल्या एका मोठ्या डेटा सेंटरमध्ये मी स्टोरेज सांभाळायची. डेटा सेंटर म्हणजे गोदामच, फक्त पोत्यांच्या जागी कॉम्प्युटर. लोकांचे फोटो, बँकांचे व्यवहार, दवाखान्यांचे रिपोर्ट, सगळं तिथं लाख-दोन लाख हार्ड डिस्कवर फिरत असतं. रोज सकाळी माझ्या हातात मेलेल्या डिस्कची यादी यायची. मी ट्रॉली घेऊन निघायची, जुनी काढायची, नवी घालायची, पुढं चालायची. शंभरातल्या एक-दोन डिस्क वर्षाला जाणार, हे आम्ही धरूनच चालायचो. त्याला फेल्युअर रेट म्हणतात. कुठली डिस्क जाणार हे ब्रह्मदेवाच्या बापालाही सांगता यायचं नाही. पण किती जाणार, हे मी चहा पिता पिता सांगायची.

रिटायर होऊन सोलापूरला आले. मी मूळची माढ्याकडची, त्यामुळं परत आल्यासारखंच. शैलजा माझ्या मावसबहिणीची सून. चिंचोळी एमआयडीसीत टॉवेल आणि चादरीचा एक कारखाना आहे, तिथलं अकाउंट आणि कॉम्प्युटर ती बघते. अडलं की मला फोन करते, आणि कामाचं असलं की मावशी सोडून मॅडम म्हणते. एरवी प्रिंटर अडतो.

कारखाना बंद होता, पण काय सजला होता! गेटला आंब्याची पानं आणि झेंडू, प्रत्येक मागाला हळदी-कुंकवाची बोटं, बॉयलरलासुद्धा हार. आदल्या दिवशी खंडेनवमी झालेली. वर्षभर राबणाऱ्या हत्यारांना त्या दिवशी थांबवायचं, पुसायचं, पुजायचं, आणि दसऱ्यालाच परत हात लावायचा. सोलापुरात हे कुणाला शिकवावं लागत नाही. शिंप्याची कात्रीसुद्धा त्या दिवशी पाटावर असते.

सर्व्हरच्या खोलीत शिरले तर तिथंही तेच. सर्व्हरच्या कपाटाला झेंडूचा हार, पुढं फोडलेला नारळ, दारावर कुंकवाचं स्वस्तिक. आणि खोली अशी गारठलेली की मी पदर अंगाभोवती ओढून घेतला.

मालक राजशेखर अप्पा शैलजावर ओरडत होते. माणूस तसा लोण्यासारखा, पण आवाज बॉयलरचा.

"काय ओ मॅडम, कुंकू आत गेलं म्हणून बिघडलंय का हे?"

"कुंकवानं कुणाचं वाईट होत नाही, अप्पा. हा बंद कुणी केला होता?"

शैलजा खाली मान घालून म्हणाली, "मी केला. पण नीट शटडाऊन करून. प्लग ओढला नाही मॅडम, शपथ."

तेव्हा कोपऱ्यातल्या स्टुलावरून एक म्हातारा माणूस उठला. पांढरा सदरा, पांढरी टोपी, जाड काचेचा चष्मा. भिंतीला हात लावत दोन पावलं पुढं आला.

"तिला काय बोलू नका. मीच लावलं तिला बंद करायला."

हे अंबादास मामा. अप्पांच्या वडिलांच्या काळापासूनचे डिझायनर. घरी तेलुगू, कारखान्यात मराठी, अप्पांशी थट्टेत कानडी. कारखान्यातली खंडेनवमीची पूजा दर वर्षी त्यांच्याच हातची. आधीचा कॉम्प्युटरवाला त्यांना सर्व्हरच्या दाराबाहेरच आरती ओवाळायला लावायचा. तो नोकरी सोडून गेला. यंदा मामा पहिल्यांदा आत आले.

"समदे माग थांबले. बॉयलर थांबला. झाडूसुद्धा कोपऱ्यात टेकवला. आन् हे एकटंच आपलं घुं घुं करू लागलंय," मामा म्हणाले. "मी इचारलं पोरीला, हे कधी थांबतं का? ती म्हनली, पाच वर्षांत कधीच न्हाय. मला लई वाईट वाटलं, मॅडम. म्हनलं, एक दिस तरी इसावा द्या की त्याला."

त्यांना काय बोलायचं? पंचवीस वर्षांत त्या यंत्रांबद्दल एवढ्या मायेनं बोललेला माणूस मला भेटला नव्हता. आणि डेटा सेंटरमध्ये कुणी असं केलं असतं तर मीच त्याला गेटबाहेर काढलं असतं.

शैलजानं मला बाहेर नेलं आणि काय गेलंय ते सांगितलं. हिशेबाची फाईल रोज इंटरनेटवर दुसरीकडं जमा होते, ती सुखरूप आहे. पण डिझाईनचं फोल्डर लई मोठं. त्याची दुसरी प्रत पुढच्या महिन्यात करू, पुढच्या महिन्यात करू, असं करता करता तीन वर्षं गेली. त्या फोल्डरमध्ये मामांची चाळीस वर्षांची साडेचार हजार डिझाईन्स होती. मामा ती ग्राफ कागदावर काढायचे. एक चौकोन म्हणजे धाग्यावर धागा बसायची एक जागा. एका चादरीच्या मोरासाठी हजारो चौकोन, एकेक हातानं रंगवायचा. त्या कागदांना वाळवी लागली, म्हणून सगळे स्कॅन करून सर्व्हरवर घातले आणि कागद जाळून टाकले.

"परत काढता येणार नाहीत?" मी विचारलं.

"मामांना काचबिंदू आहे, मॅडम. मधलं तेवढं थोडं दिसतं. चौकोन तर दिसतच नाहीत आता."

मी परत आत गेले. मामा स्टुलावर बसलेले. मी काही विचारलं नव्हतं, तरी तेच बोलले.

"कागद जाळले तवा मी रडलो न्हाय. म्हनलं, हितं हायेत की. आता हितलंच गेलं, ते बी माझ्याच हातानं. मग माझं म्हनून ऱ्हायलं काय, मॅडम?"

"अजून गेलं नाही, मामा," मी म्हटलं. खरं सांगायचं तर मला काहीच माहीत नव्हतं. पण असं बोलायची वेळ असते.

मी आधी सर्व्हरची नोंदवही वाचली. असे सर्व्हर स्वतःची डायरी लिहितात, त्याला लॉग म्हणतात. पाच मिनिटांत एक गोष्ट सापडली. तिसऱ्या नंबरची डिस्क दसऱ्याला मेलीच नव्हती. ती आषाढात मेली होती. सर्व्हरनं बिचाऱ्यानं तेव्हापासून रोज मेल पाठवला होता, "एक डिस्क गेली, बदला." पाठवला कुणाला? नोकरी सोडून गेलेल्या त्या कॉम्प्युटरवाल्याला. त्याचा मेलबॉक्स आता कुणीच उघडत नव्हतं. आणि कपाटावर लागलेला लाल दिवा? तो सगळ्यांनी पाहिला होता. सगळ्यांना वाटलं, तो चालूचा दिवा असेल.

"अप्पा, या डिस्क घेतल्या कुठून?"

अप्पांचा चेहरा एकदम खुलला. "पाडव्याच्या मुहूर्तावर आणलेल्या! सीलबंद पेटी, बाराच्या बारा एकाच पेटीतल्या. सुटं काय घेतलं नाही."

मी कपाळाला हात लावला. कापडात एका लॉटचा धागा घ्यावा, नाहीतर रंग बदलतो, हे अप्पांचं बरोबर. डिस्कचं नेमकं उलटं. एका लॉटच्या डिस्क एकाच दिवशी जन्मलेल्या, एकाच दिवशी कामाला लागलेल्या, एकाच गरमीत राबलेल्या. त्यांच्यात खोट असली तर सगळ्यांत सारखी असते, आणि एक गेली की बाकीच्याही तयारीत असतात. आम्ही मुद्दाम वेगवेगळ्या लॉटच्या मिसळून लावायचो.

मग मी मामांच्या शेजारी बसले आणि त्यांना सांगितलं. "मामा, एक डिस्क तुमच्या आधीच गेली होती. बाकीच्या दोन पाच वर्षं न थांबता पळाल्या, त्यांचं वंगण जुनं झालंय. ज्या दिवशी वीज गेली असती, त्या दिवशी त्या बसल्याच असत्या. तुम्ही त्या बसवल्या नाहीत. तुम्ही फक्त दाखवून दिलंत."

"मला बरं वाटावं म्हनून म्हनता."

"मी कुणाला बरं वाटावं म्हणून बोलत नाही. नवऱ्याला विचारा माझ्या."

मामा जरासे हसले. पण हात गुडघ्यावर घट्ट होते.

आता हिशेब सोपा होता. आषाढातली डिस्क बाद, तिच्यावरची माहिती शिळी. सात नंबर आणि अकरा नंबर, या दोन आज उठत नव्हत्या. दोघींतली एक जरी उठली, तरी दहा होतात आणि सगळं परत जुळतं. एकही उठली नाही तर खेळ खलास.

उठत का नव्हत्या, तेही कळलं. सर्व्हर बंद केला, पण एसी चालूच राहिला. एरवी सर्व्हर तापतो आणि एसी गार करतो, दोघांचं जमतं. कालपासून तापायला कुणी नव्हतं, आणि एसी आपला अठरावर गार करत बसलेला. थंडीत बाटलीतलं खोबरेल तेल गोठतं ना, तसं डिस्कच्या आतलं जुनं वंगण घट्ट झालं असणार. मोटरला जोर पुरेना.

"परत परत चालू करून बघायचं नाही," मी म्हटलं. "जिवावर उदार होऊन उठली तर उठेल, नाहीतर मोटर जळेल. आधी ऊब द्यायची. हळूहळू."

अप्पा म्हणाले, "चादरीत गुंडाळू की! आपल्याकडं चादरींना काय तोटा?"

"अजिबात नाही. चादरीला अंगची वीज असते, ती डिस्कला लागली तर उरलंसुरलं जाईल."

दोन्ही डिस्क मी चंदेरी पिशवीत घातल्या. नवी डिस्क ज्या पिशवीत येते तीच, अंगची वीज अडवणारी. आणि सूत रंगवायच्या डाईंग खात्याच्या शेजारची खोली मागितली. बॉयलर बंद असला तरी ती खोली दसऱ्याच्या उन्हात चांगली शेकली होती. टेबलावर पिशव्या ठेवल्या आणि दोन तास बसून राहिलो. शैलजानं चहा केला. अप्पा मंदिरात जाऊन आले आणि एकदम मऊ होऊन शैलजाला म्हणाले, "जेवलीस का ग?" ती बिचारी तेव्हा रडली. सकाळपासून आवरून धरलेलं सगळं तिथं सांडलं.

मामा माझ्याशी बोलत बसले.

"तुमच्याकडं तितं रोज मरायच्या डिस्क?"

"रोज. कधी पाच, कधी पंधरा."

"कशावर कुनाचं काय हाय, ते कळायचं?"

"नाही. नुसता नंबर कळायचा."

"मग वाईट कसं वाटायचं?"

"वाटायचंच नाही, मामा."

"बरं हाय की मग," मामा म्हणाले. त्यात टोमणा नव्हता, पण मला लागलं. पंचवीस वर्षांत मी ट्रॉलीभरून डिस्क टाकून दिल्या. प्रत्येकीची प्रत दुसरीकडं होती म्हणून निर्धास्त होते, एवढंच. त्यावर कुणाची चाळीस वर्षं असतील, असा विचार एकदाही मनात आला नाही.

दोन तासांनी अकरा नंबर घेतली. लॅपटॉपला जोडायची एक डबी असते, तिला डिस्क लावली आणि वीज दिली. आतून टक, टक, टक असा आवाज. लगेच बंद केली. हा आवाज ज्यानं ऐकलाय त्याला सांगावं लागत नाही. आतली वाचणारी सुई मोडली होती.

"ही गेली," मी म्हटलं.

मामांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

सात नंबर लावली. वीज दिली. काहीच नाही. टक नाही, घरघर नाही. बंद केली, दहा मिनिटं थांबले, परत दिली. काहीच नाही. मी ठरवलं, अजून एकदा, फार तर दोनदा.

"मॅडम, माझ्या हातात देता का?" मामांनी विचारलं.

"कशाला?"

"माग सुरू व्हायच्या आधी जरा वढ घेतो. कानाला कळत न्हाय, हाताला कळतं. डोळं गेल्यापासून मी तसंच वळखतो, कुठला माग चालू हाय, कुठला अडलाय. तुमी बटन दाबा. वढ घेतली तर मी सांगतो. न्हाय घेतली तर लगेच बंद करा, उगं मोटर जळायला नको."

नियमानं असं कुणाच्या हातात डिस्क देत नाहीत. मी दिली. दोन्ही तळव्यांत त्यांनी ती आडवी धरली, नातवंडाला धरावं तशी. कुठून धरायचं ते मी दाखवलं आणि बटण दाबलं.

एक सेकंद. दोन सेकंद. माझं बोट बटणावरच.

"थांबा," मामा म्हणाले. "बंद करू नका. वढतंय... वढू लागलंय..."

मला काहीही ऐकू येत नव्हतं. स्क्रीन कोरा.

"सुटलं! मॅडम, सुटलं! फिरतंय की ओ!"

मी त्यांच्या हाताखाली बोट लावलं. बारीकशी थरथर होती. आणखी काही सेकंदांनी स्क्रीनवर डिस्कचं नाव आलं. अप्पा "शिव शिव शिव" म्हणत खालीच बसले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पुसलंही नाही. लाजायचं काय त्यात?

पण ही डिस्क परत थांबली असती तर पुन्हा उठली नसती. ती तशीच मामांच्या हातातून अलगद टेबलावर घेतली आणि लगेच तिची हुबेहूब नक्कल माझ्या पिशवीतल्या नव्या डिस्कवर काढायला लावली. याला क्लोन म्हणतात. जिथं वाचता येत नाही तिथं अडून बसायचं नाही, सोडून पुढं जायचं. रात्रभराचं काम होतं. शैलजा म्हणाली, मी इथंच बसते. मी घरी जाऊन पुऱ्या खाल्ल्या. जळल्या नव्हत्या, कच्च्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्लोन पूर्ण झाला होता. तो सात नंबरच्या जागी घातला, नऊ जुन्या आणि ही एक, दहा झाल्या. सर्व्हर उठला. फोल्डर दिसलं. पहिली गोष्ट म्हणजे सगळं दोन वेगवेगळ्या ठिकाणी उतरवायला लावलं. त्याआधी कुणाला एक फाईलसुद्धा उघडू दिली नाही, अप्पांनाही नाही.

साडेचार हजारांतली सव्वीस डिझाईन्स तेवढी खराब निघाली. जिथं डिस्क वाचता आली नव्हती तिथं चित्रात मधोमध रंगीत ठिपक्यांची खिचडी. वरचा भाग चांगला, खालचा चांगला, मधल्या वीस-पंचवीस ओळी गेलेल्या. मी शैलजाला म्हटलं, सव्वीस म्हणजे काहीच नाही, माझ्या नोकरीत याला यश म्हणतात.

मामा शेजारी बसले होते. "कुठलं हाय ते सांगा की," म्हणाले.

शैलजानं पहिलं उघडलं. "मामा, दोन मोर आहेत, समोरासमोर. मधे कलश. कलशाचं पोट गेलंय."

"कडेच्या बुट्टीचं फूल किती पाकळ्यांचं?"

"सहा."

"मग त्ये माझ्या थोरलीच्या लग्नातलं. लिही. कलशाच्या गळ्याखाली पहिली वळ. डावीकडून बारा पांढरं, दोन लाल, एक पिवळं, परत दोन लाल. पुढच्या वळीला पांढरं एक कमी, लाल एक जास्ती..."

शैलजा चौकोन भरत गेली. मामा डोळे मिटून सांगत गेले. कुठं अडखळले तर बोटं मांडीवर हलायची, आणि मग पुढचं यायचं. तेवीस ओळी झाल्या आणि खालचा भाग वरच्याला येऊन टेकला. एक चौकोनसुद्धा इकडचा तिकडं नाही. मी दोनदा मोठं करून बघितलं. शैलजा माझ्याकडं बघत राहिली, मी तिच्याकडं.

सव्वीसच्या सव्वीस त्यांनी आठ दिवसांत सांगून पूर्ण केली.

अप्पांनी मला रिपोर्ट मागितला. मी अर्ध्या पानात लिहून दिला. डिस्क एका पेटीतल्या घेऊ नका. दुसरी प्रत दुसऱ्या गावात ठेवा. मेल चालू नोकरीतल्या माणसाला जाऊ द्या. लाल दिवा दिसला की तो लाल आहे असंच समजा. खंडेनवमीला पूजा जरूर करा, हार घाला, पण बंद करू नका. शेवटी लिहिलं, अंबादास मामांना रोज दोन तास बसायला चांगली खुर्ची, चहा, आणि ते सांगतील ते लिहून घेणारी दोन माणसं द्यावीत. आजपासून.

अप्पांनी चष्मा वर करून विचारलं, "मॅडम, हे सर्व्हरच्या रिपोर्टमध्ये कशाला ओ?"

मी म्हटलं, "अप्पा, त्यांचीच तेवढी दुसरी प्रत नाही."